घोडे घाट चढले, ते चौलहून

हिवाळा आला की पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या भागातल्या शाळांच्या सहली निघतात आणि त्यातल्या बऱ्याच अलिबागला जातात. समुद्र, कुलाबा किल्ला, वाळू, शहाळी असा दिवस सरतो. अलिबागच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा आहे आणि त्याला लागूनच चौल. बस तिथवर गेलीच तर पडक्या तटाजवळ अर्धा तास थांबते. ‘हा पोर्तुगीजांचा किल्ला’ एवढं सांगून होतं आणि मुलं पुन्हा किनाऱ्याकडे पळतात.

हे गाव दीड हजार वर्षांहून अधिक काळ पश्चिम किनाऱ्यावरचं एक नामांकित बंदर होतं. ग्रीक खलाशी, अरब प्रवासी, रशियन व्यापारी, पोर्तुगीज कप्तान असे नाना देशांचे लोक इथं उतरले आणि त्याच्याविषयी लिहून गेले. पण नुसत्या किनाऱ्यावर उभं राहून हे बंदर समजत नाही. बंदराचं एक टोक समुद्रात असतं आणि दुसरं असतं घाटमाथ्यावर, जिथून माल येतो आणि जिथं माल जातो. चौलचं हे दुसरं टोक जुन्नरच्या परिसरात होतं. त्यामुळे चाकण-खेडच्या मुलांसाठी चौलची सहल म्हणजे आपल्याच भागाच्या इतिहासाचा अर्धा भाग पाहणं आहे.

बंदर कुठं वसतं?

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबीत बंदर नेमकं इथंच का झालं असावं, हा प्रश्न सहलीच्या आधीच वर्गात विचारावा. नकाशा समोर असला की मुलं उत्तराच्या जवळ येतात.

कुंडलिका नदी सह्याद्रीत उगम पावते आणि रोह्यावरून येऊन समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेला रेवदंडा आहे. दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात सोंडेसारखा घुसलेला आहे. या सोंडेच्या आड खाडीत लाटांचा जोर कमी होतो. गलबताला पहिली गरज असते ती अशा आसऱ्याची.

दुसरी गरज भरती-ओहोटीची. यंत्र नसलेलं जड गलबत वाऱ्याविरुद्ध खाडीत शिरणं कठीण. भरतीचं पाणी त्याला आत आणतं, ओहोटीचं बाहेर काढतं. दिवसातून दोनदा मिळणारी ही फुकटची शक्ती आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. तेव्हा जड गलबत आत आणायचं तर खलाशाला तिथी ठाऊक असणं भाग होतं.

तिसरी गरज म्हणजे घाट चढण्याची वाट. रोहा-पालीच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचलं की सवाष्णी, वाघजाई असे जुने घाट वर तैलबैलाकडे चढतात. पायथ्याशी सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे इथं बौद्ध लेणी आहेत. माथ्यावर पवन मावळात बेडसे, आणि बोरघाटाच्या वाटेवर भाजे आणि कार्ले. लेणी अशा वाटांच्या कडेला कोरली गेली याचं कारण सरळ आहे: व्यापारी जात-येत, मुक्काम करत आणि दान देत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर यवन दानकर्त्यांची नावं कोरलेली आहेत. बेडसे ज्या पवनेच्या खोऱ्यात आहे, तीच पवना पुढे पिंपरी-चिंचवडमधून वाहते.

या तीन सोयी एकत्र आल्या म्हणून इथं बंदर झालं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण यांच्यानंतर ‘सेमिल्ला’ येतं, ते हेच. टॉलेमीच्या भूगोलात ‘सिमिल्ला’ आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ‘चेमुल’च्या दानकर्त्यांचे उल्लेख सापडतात. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल् मसूदी इथं आला. तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले आणि त्यांची इथंच जन्मलेली मुलंबाळं मिळून गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हा आकडा थोडा फुगवलेला मानला तरी गाव केवढं असेल याची कल्पना येते.

ग्रंथांतल्या नावांना जमिनीखालचा पुरावाही मिळाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ डॉ. विश्वास गोगटे यांनी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत चौलला उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तीचे अवशेष हाती आले. जुन्या खापरांचं क्ष-किरणांनी परीक्षण करणं हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय. मातीतल्या प्रत्येक खनिजाच्या स्फटिकावरून क्ष-किरण ठरावीक कोनांतून परावर्तित होतात. त्या कोनांवरून मातीत कोणती खनिजं आहेत हे कळतं आणि भांडं कोणत्या भागातल्या मातीचं असावं याचा अंदाज बांधता येतो. बंदरात सापडलेलं खापर इथल्याच कुंभाराचं की जहाजातून आलेलं, या प्रश्नाचं उत्तर असं प्रयोगशाळेत शोधता येतं.

व्होल्गाकाठचा पाहुणा

चौलहून घाटावर जाणारी वाट एका माणसाने स्वतः चालून लिहून ठेवली आहे. अफनासी निकितिन हा रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी. वाटेत लुटला गेला, कर्ज फेडायला परत जाण्याची सोय उरली नाही, म्हणून पुढेच निघाला. १४६९ च्या सुमारास होर्मुझहून तो गलबतात बसला आणि सहा आठवड्यांनी चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला तो १४९८ मध्ये, म्हणजे सुमारे तीन दशकांनंतर.

निकितिनने बरोबर काय आणलं होतं? एक घोडा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की हिंदुस्थानात घोड्याला भाव येतो. ते खरंच होतं. दख्खनच्या सुलतानांच्या आणि विजयनगरच्या फौजा घोडदळावर उभ्या होत्या. अरबस्तान, इराण, इराक इथला उंच, दमदार घोडा त्यांना हवा असे. इथली दमट हवा आणि मोकळ्या कुरणांची वाण यामुळे तशा घोड्यांची पैदास पुरेशी होत नसे. म्हणून दर हंगामात गलबतं भरून घोडे येत.

इथं मुलांना एक गणित घालता येईल. घोड्याला दिवसाकाठी सुमारे २५ ते ४० लिटर पाणी लागतं. ३० लिटर धरले तर सहा आठवड्यांच्या, म्हणजे ४२ दिवसांच्या प्रवासात एका घोड्याला १२६० लिटर पाणी. गलबतावर पन्नास घोडे असतील तर? वाटेतल्या बंदरांत पुन्हा पुन्हा पाणी का भरावं लागत असेल आणि घोडा एवढा महाग का पडत असेल, हे त्या आकड्यावरून समजतं.

चौलहून निकितिन खुष्कीच्या मार्गाने पालीला गेला. आठ दिवस लागले, आणि तिथं डोंगर सुरू होतात असं तो लिहितो. तिथून दहा दिवसांनी उमरी नावाचं गाव आणि मग जुन्नर. एकूण तीन आठवड्यांहून अधिक. आज बसने काही तासांचा हा रस्ता. जुन्नरला पोचेपर्यंत पावसाळा लागला. चिखलामुळे तो तिथंच अडकला. जुन्नर खडकावर आहे, वर चढायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, असं वर्णन त्याने केलं आहे. पावसाळ्यातल्या पेरण्या, घोड्यांना घातले जाणारे हरभऱ्यासारखे दाणे आणि खिचडी, नारळाची दारू, लोकांचे पोशाख असं सगळं त्याने टिपलं.

आणि इथंच त्याचा घोडा गेला. जुन्नरचा सुभेदार असदखान याने तो हिसकावून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देईन आणि पैसाही देईन, असं सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. ऐन वेळी खोरासानचा एक ओळखीचा खोजा मध्ये पडला आणि घोडा परत मिळाला. एका घोड्यासाठी सुभेदाराने एवढा खटाटोप करावा, यातच त्याची किंमत आली.

सौदागरांचा सरदार आणि चाकणचा कोट

घोड्यांच्या या व्यापाराने दख्खनच्या दरबारांत काही सौदागरांना सरदार केलं. बसऱ्याचा खलफ हसन हा बहमनी दरबारात आलेला व्यापारी. १४२२ मध्ये अहमदशहाला गादी मिळवून देण्यात त्याचा मोठा हात होता. फौज तोकडी होती, तेव्हा वंजाऱ्यांचे बैल आणि व्यापाऱ्यांचे घोडे दूरवर उभे करून मोठं सैन्य आल्याचा देखावा त्याने केला, अशी हकिकत इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्याला पदवी मिळाली ‘मलिक-उत्-तुज्जार’. अर्थ सरळ आहे: सौदागरांचा मुख्य. राज्याच्या सर्वोच्च सरदाराला अशी पदवी दिली जावी, यावरून त्या काळी व्यापाराला राज्यकारभारात किती वजन होतं हे दिसतं.

पंधराव्या शतकाच्या मध्याला मलिक-उत्-तुज्जार ही पदवी धारण करणाऱ्या बहमनी सरदाराला कोकण जिंकण्याची कामगिरी मिळाली. त्याने ठाणं कुठं केलं? चाकणला. कोकणातल्या मोहिमेसाठी घाटावरचं ठाणं निवडण्यात चूक नव्हती. चाकण जुन्नरपासून साठेक किलोमीटरवर, सपाट मुलखात, धान्य-वैरण मिळेल अशा जागी आहे. पश्चिमेला घाटवाटा आणि त्यांच्या खाली बंदरं. चाकणहून निघालेल्या या फौजेला शिर्के आणि खेळण्याचे शंकरराव यांनी रानात गाठून कापून काढलं. उरलेले लोक चाकणला परतले, पण दरबारातल्या भांडणांमुळे आपल्याच राज्याच्या माणसांकडून दगा होऊन त्यांतले बहुतेक मारले गेले.

पुढे हीच पदवी महमूद गावानला मिळाली. तोही मुळात व्यापारी. १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरला होता. निकितिनच्या लिखाणात त्याचा उल्लेख येतो. गावानने १४७२ मध्ये गोवा घेतला, त्यामागेही घोड्यांच्या आयातीचं बंदर हाती असावं हा हेतू होता.

चाकणचा संग्रामदुर्ग आपल्याला माहीत असतो तो १६६० च्या लढाईमुळे. फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे हा भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि कोट गेला. एवढ्या लहान कोटासाठी एवढी मोठी फौज का अडून बसली, याचंही एक उत्तर त्याच्या जागेत आहे. जुन्नर-अहमदनगरकडून पुण्याकडे आणि कोकणाकडे जाणाऱ्या वाटेवर तो बसलेला होता.

आयात झालेल्या या घोड्यांची एक खूण आजही आहे. भीमेच्या काठच्या मुलखात स्थानिक तट्टं आणि अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून काटक, चिवट ‘भीमथडी’ तट्टू तयार झालं. मराठ्यांच्या घोडदळाने लांबच्या मजला मारल्या त्या बऱ्याच अंशी याच तट्टांवर. अलीकडे भीमथडीला घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे.

खाडीतली लढाई

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रावर नवे मालक आले. पोर्तुगीजांनी आपल्या परवान्याशिवाय कोणी जहाज चालवू नये असा दंडक घातला. त्याला उत्तर म्हणून इजिप्तच्या सुलतानाने मीर हुसेन याच्या हाताखाली आरमार पाठवलं. दीवचा मलिक अयाझ त्याला मिळाला. मार्च १५०८ मध्ये या दोघांनी पोर्तुगीज गलबतांना चौलच्या खाडीत गाठलं. पोर्तुगीजांचा प्रमुख होता लोरेन्सो द आल्मेदा, व्हाइसरॉयचा मुलगा.

या लढाईचा निकाल ठरवण्यात कोळ्यांच्या खुंटांचा वाटा आहे. लोरेन्सोच्या जहाजाला पाण्याच्या पातळीखाली भोक पडलं होतं. ओहोटीच्या ओढीने ते वाहत जाऊन मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांमध्ये अडकलं. बाकीची जहाजं त्याला ओढून काढू शकली नाहीत. पाय तुटलेला लोरेन्सो डोलकाठीला टेकून लढत असतानाच मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. कोकणातले कोळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंट रोवून त्यांना ‘डोल’ जाळं बांधतात: पाणी जाळ्यातून जातं आणि मासळी आत राहते. जो प्रवाह जाळं भरतो त्यानेच परक्यांचं जहाज खुंटात नेऊन अडकवलं.

पुढल्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी याचा सूड घेतला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्यांना चौलला किल्ला बांधू दिला. यामागेही घोडेच होते. निजामशाहीला घोडे हवे होते आणि ते आणणारा समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हापासून दोन चौलं झाली: खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचं, म्हणजे आजचा रेवदंडा, आणि आतल्या बाजूला निजामशाहीचं जुनं चौल. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि दोघं भांडतही असत. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीज चौलला वेढा घातला, पण ते पडलं नाही.

यानंतर साठ वर्षं चौल स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होतं, हे सहसा कोणाच्या लक्षात नसतं. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी पडली आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. १६४० पर्यंत ही स्थिती टिकली. कारभार पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला, पण ज्या राजाची गलबतं अमेरिकेतली चांदी स्पेनच्या सेव्हिल बंदरात आणत होती, त्याच राजाची सत्ता रेवदंड्याच्या तटावर होती. याच काळात, १५९४ मध्ये, दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईच्या डोंगरावर तोफा चढवून खाडीचं तोंड रोखलं आणि पोर्तुगीजांनी हल्ला करून तो डोंगर घेतला.

काय पाहाल?

पिंपरीहून चौल सुमारे दीडशे किलोमीटर आहे. एका दिवसात तीन जागा नीट पाहून होतात.

रेवदंड्याचा कोट गावाभोवती आहे आणि रस्ताच तटातून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत चर्चचे अवशेष. ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा फ्रान्सिस्कन चर्चचा. डॉमिनिकन चर्चच्या पडक्या कमानीही उभ्या आहेत. मुलांना तटाचा दगड ओळखायला सांगा: काळा बसाल्ट की तांबडा जांभा? कोणता दगड जवळ मिळतो, कोणता लांबून आणावा लागतो? गावात बेने इस्रायलींचं प्रार्थनास्थळ आहे, आणि निकितिनच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभही.

जुनं चौल आतल्या बाजूला, वाड्यांच्या दाट सावलीत. रामेश्वराचं मंदिर आणि समोरची पुष्करणी, मुसलमानी काळातल्या हमामखान्याचे अवशेष, टेकडीवरची हिंगळाजदेवी. एवढ्या लहान परिसरात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी अशा चारही समाजांच्या खुणा सापडतात. त्या कुठं आहेत ते मुलांनी कागदावर मांडावं. व्यापारी शहर कसं असतं, हे त्या आराखड्यावरून धड्यापेक्षा चांगलं कळेल.

तिसरी जागा कोर्लई. डोंगरावरून खाडीचं मुख, दोन्ही काठ आणि उघडा समुद्र एका नजरेत दिसतात. पायथ्याच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत जेमतेम हजारभर लोक पोर्तुगीजपासून बनलेली एक भाषा बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, पण ही भाषा राहिली. जवळजवळ तीनशे वर्षं मराठीच्या शेजारात तिचं व्याकरण बरंच बदललं. उलट, आपल्या बोलण्यातले चावी, बटाटा, पाव, लिलाव, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. औद्योगिक वसाहतीतल्या घराघरांत महिन्याच्या सुरुवातीला ऐकू येणारा ‘पगार’ हा शब्दही त्यांचाच. गावात फिरताना मात्र एक पथ्य पाळावं. ही लोकांची घरं आहेत, प्रदर्शन नव्हे. आधी विचारून मगच बोलायला जावं.

बंदर कशाने विझलं?

‘गाळ भरला आणि बंदर बंद पडलं’ असं एका वाक्यात उत्तर दिलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

गाळाचं काम समजायला एक बाटली पुरे. पाण्यात माती घालून हलवा आणि ठेवून द्या. हलतं पाणी माती धरून ठेवतं; स्थिर झालं की आधी वाळू, मग बारीक माती तळाशी बसते. सह्याद्रीवर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. कोकणातल्या आखूड, उतारावरच्या नद्या माती घेऊन धावतात. खाडीत वेग मंदावला की ती खाली बसते आणि मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो. लहान गलबतांना त्याची अडचण नव्हती. जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागलं, तशी अडचण वाढली.

असंच काहीसं स्पेनमध्ये घडलं. अमेरिकेशी होणारा व्यापार ज्या सेव्हिलमधून चाले ते शहर ग्वादालक्विविर नदीत, समुद्रापासून ऐंशी-नव्वद किलोमीटर आत. जहाजं वाढली, नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा नडू लागला आणि शेवटी १७१७ मध्ये या व्यापाराचं सरकारी कार्यालय समुद्रकाठच्या कादिझला हलवलं गेलं. सेव्हिल मात्र प्रदेशाची मोठी बाजारपेठ म्हणून जगलं आणि आज तिथल्या नदीकाठच्या जुन्या मनोऱ्याभोवती जगभरचे प्रवासी फिरतात. चौलच्या वाट्याला हे आलं नाही, कारण चौलचा घाटावरचा आधारही सुटला होता.

निजामशाही १६३६ मध्ये संपली. मोगलांचा परदेशी व्यापार मुख्यतः सुरतेतून चाले. जुन्नरकडे येणारी चौलची वाट मागे पडली. लढाया चालूच होत्या; १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रेवदंड्याला वेढा घातला. दरम्यान १६६१ च्या विवाहाच्या तहाने मुंबई बेट इंग्रजांकडे गेलं. मुंबईचं बंदर विस्तीर्ण, खोल आणि बेटांच्या आडोशाला. चौलचं रेशमी कापड प्रसिद्ध होतं. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या विणकरांना मुंबईत येऊन राहायला उत्तेजन दिलं. कारागीर गेले की बंदरातून निर्यात करण्याजोगं फारसं उरत नाही. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले, तेव्हा गावाची भरभराट आधीच ओसरली होती. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली आणि सगळं दख्खन मुंबईला बांधलं गेलं.

म्हणजे खाडी उथळ झाली, राज्य बदललं, कारागीर हलले आणि घाटाची वाट दुसरीकडे वळली. यातलं एखादंच घडलं असतं तर चौल सावरलं असतं. सगळी एकापाठोपाठ आली.

वाट आता उलटी

आज चाकण भागातून माल घाट उतरतो. १९८९ मध्ये न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. पुढे द्रुतगती मार्ग झाला. चाकणची वसाहत वाढली ती या सोयींच्या भरवशावर. इथं बनलेल्या मोटारी मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. दुचाकी आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत धावतात. मध्ययुगात जिवंत घोडे चौलहून घाट चढून येत. आता एकेका मोटारीत शंभराच्या घरात ‘घोडाशक्ती’ भरून ती घाट उतरते.

गाळाची लढाई मात्र तीच आहे. न्हावाशेवाच्या जलमार्गाची खोली पंधरा मीटरच्या आसपास राखण्यासाठी तळ सतत उपसावा लागतो. चौलकडे हे यंत्र नव्हतं, एवढाच फरक. आणि बंदरांचं स्थलांतरही संपलेलं नाही. किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते म्हणून पालघर जिल्ह्यात वाढवणला नव्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिथल्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे. एकाला खोल पाणी म्हणजे जलमार्ग, दुसऱ्याला तीच मासळीची जागा. १५०८ च्या खाडीतले खुंट आठवले तर हा पेच मुलांना लवकर समजेल.

चौलशी आपलं एक नातं मात्र अजून वाहतं आहे. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडलं जातं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. या धरणासाठी गावं बुडाली आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, हा इतिहास मुलांना ठाऊक असायला हवा. वीज करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत जातं आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. जी मुळा पिंपरी-चिंचवडच्या सीमेवरून वाहते, तिच्याच पाण्याचा एक वाटा अशा तऱ्हेने जुन्या बंदरापाशी पोचतो.

सहलीनंतर वर्गात एक काम द्यावं. मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारावं: तुमच्या कारखान्यात कच्चा माल कुठून येतो आणि तयार माल कोणत्या बंदरातून कुठं जातो? खेड-चाकणच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी कांद्याबद्दल हेच विचारावं. उत्तरं नकाशावर रेघांनी दाखवावीत आणि त्याशेजारी चौल-पाली-जुन्नर ही जुनी रेघ वेगळ्या रंगाने काढावी. मग एक प्रश्न फळ्यावर लिहावा: यातली कोणती रेघ कशाने तुटू शकेल, आणि तुटली तर आपल्या गावाचं काय होईल?